पुरता संशय

औटी सिस्टरांचा कुणावरच विश्वास नव्हता. ही त्यांची निंदा नव्हे. त्या स्वतःच तसं सांगायच्या, आपल्याला गोड चालत नाही असं एखाद्यानं सांगावं तितक्या साधेपणानं.

त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मला त्या शाळेत रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, धरणाच्या मागे, डोंगराच्या पोटात आमची वाडी. चाळीस-पंचेचाळीस घरं, खाली भाताची खाचरं, वरच्या अंगाला नाचणी आणि वरई, आणि दोन खोल्यांची शाळा. महिन्यातून एकदा शाळेच्या व्हरांड्यात लसीकरण असायचं. त्या दिवशी सकाळी जीपच्या मागच्या बाजूनं एक ठेंगणी, सावळी, पन्नाशी ओलांडलेली बाई उतरली. लशींचा निळा डबा तिनं छातीशी धरला होता. मी पुढं होऊन म्हणालो, "द्या, मी धरतो."

"तुमी कोण?"

"नवीन शिक्षक."

"असाल," त्या म्हणाल्या, आणि डबा घेऊन माझ्या बाजूनं पुढं गेल्या.

मग त्यांनी विचारलं, व्हरांड्यात दहा वाजता ऊन कुठवर येतं. मी म्हणालो, टेबलापर्यंत येत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न अंगणवाडीच्या सेविकेला विचारला, मग दारात बसलेल्या म्हाताऱ्याला, मग दुसरीतल्या एका मुलीला. चौघांचंही उत्तर एकच आलं. तरी त्यांनी टेबल उचलून आतल्या खोलीत नेलं.

मी मूळचा महाळुंगे पडवळचा, शेतकरी घरातला, बिऱ्हाड मंचरला. डोंगरातल्या लोकांशी कसं वागायचं हे मला अजून कळत नव्हतं, आणि ह्या बाई तर डोंगरातल्याही नव्हत्या. नारायणगावकडच्या बागायती घरातल्या. घरचा टोमॅटो बाजारात जायचा, त्यामुळं क्रेटच्या वरच्या थराला काय असतं आणि खाली काय दडवलेलं असतं हे त्यांनी लहानपणापासून बघितलं होतं. "वरला थर बघून माल घेणारी मी न्हाई," असं त्या कुठल्याही बाबतीत म्हणत. मुख्याध्यापकांनी आजारपणाची रजा मागितली, मुंबईच्या मुलाचं स्थळ आलं, आमदारानं रस्त्याचं आश्वासन दिलं, सगळ्याला हेच.

त्यांच्या सवयी हळूहळू कळत गेल्या. जीपमध्ये त्या कधी पुढं बसल्या नाहीत. पुढं बसलं की ड्रायव्हर बोलत बसतो आणि डब्यावरचं ध्यान उडतं. डब्यात त्या एकाऐवजी दोन थर्मामीटर ठेवत. मी विचारलं, दोन कशाला? म्हणाल्या, "एक खोटं बोलंल. दोन सारखंच खोटं कसं बोलतील?" मग थोडा विचार करून म्हणाल्या, "बोलू बी शकतील," आणि डब्यात हात घालून आईसपॅक चाचपून बघितला.

लशीच्या प्रत्येक बाटलीवर एक छोटा चौकोन असतो. लस उष्णतेनं खराब झाली की त्याचा रंग गडद होतो. सिस्टर तो चौकोन उजेडाकडं धरून बघत, आणि मग काही न बोलता बाटली सेविकेच्या हातात देत. "मी काय बघितलं त्ये सांगणार न्हाई. तू बघ आन तू सांग." सेविकेचं उत्तर जुळलं तरच बाटली उघडायची. मला हे सगळं नाटकी वाटायचं. नोकरीची शेवटची वर्षं आली की माणूस असा होतो, असं मी मनात म्हणायचो.

एके दिवशी जीप घाटात बंद पडली. टायर की काय ते आता आठवत नाही. सिस्टर वाडीत पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. बायका सकाळपासून बसल्या होत्या. काही जणी वरच्या पाड्यावरून कडेवर पोर घेऊन तासभर उतरून आल्या होत्या. सिस्टरांनी डबा उघडला, दोन्ही थर्मामीटर बघितली, बाटल्या उजेडाकडं धरल्या, आणि डबा बंद केला.

"आज लस न्हाई. पुढल्या आठवड्यात या."

बायकांमध्ये कुजबुज झाली. एका म्हातारीनं विचारलं, "का वं बाई?"

"बर्फाचं पाणी झालंय. लस बिघडली आसंल."

"आसंल म्हंजी? बिघडली का न्हाई बिघडली?"

"माहीत न्हाई. म्हणून तर न्हाई टोचत."

मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "सिस्टर, चौकोन गडद झालाय का?" त्या म्हणाल्या, "न्हाई." "मग?" त्यांनी डबा उचलून छातीशी धरला. बायका उठल्या, पोरं कडेवर घेतली आणि चढावाला लागल्या. त्या संध्याकाळी सगळ्या वाडीत एकच बोलणं होतं: सिस्टर बिघडलेली लस आणते. आज सापडली म्हणून सांगितलं; एरवी सांगत असेल कशावरून?

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. ज्या बाईला आपल्याच मालाची खात्री नाही तिच्या हातून आपल्या पोराला सुई टोचून कुणी का घ्यावी? खरं बोलून त्यांनी संशय पेरला, असं मी शाळेत बोलूनही दाखवलं.

मग ती साथ आली, जिच्यात सगळं जग घरात बसलं. त्या साथीच्या लशीच्या वेळी आमच्या वाडीतली माणसं सिस्टरांची जीप दिसली की रानात निघून जायची. सिस्टर एकेका खाचराच्या बांधावर जाऊन उभ्या राहत. कुणाला भात लावायला मदत करत, कुणाशी नुसतंच बसत. एका म्हाताऱ्यानं त्यांना तोंडावर विचारलं होतं, "तुमी सोता टोचून घेतली का?" त्यांनी बाही वर करून दंड दाखवला. म्हातारा म्हणाला, "ह्ये तर कसलंबी भोक आसंल." त्या म्हणाल्या, "आसंल." ते तिथंच राहिलं. तो म्हातारा पंधरा दिवसांनी आपणहून आला. का आला ते त्यानंही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं.

त्या काळात एक मालिका घरोघर बघितली जायची. वाडीत टीव्ही दोन-चारच, पण मोबाईलवर बायका बघत. तिच्यातली थोरली सून सगळ्यांना घरचीच वाटायची. तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे तिला 'सूनबाई' म्हणत. त्या नटीला खरोखरचं बाळ झालं आणि तिनं एक व्हिडिओ टाकला. मांडीवर बाळ, मागं पांढरे पडदे, आणि ती अगदी मालिकेतल्यासारखी हळू आवाजात सांगत होती, की तिनं बाळाला एकही सुई टोचू दिलेली नाही. आईच्या दुधात सगळं असतं. सुयांमधली रसायनं कोवळ्या शरीराला झेपत नाहीत. प्रत्येक आईनं आपल्या मनाचा आवाज ऐकावा.

तो व्हिडिओ मला माझ्या एका मित्राकडून आला. मी बघितला. मला पटला असं नाही, पण ती बाई छान बोलत होती. शाळेच्या पालकांचा एक गट होता, मीच तयार केलेला. त्यात मी तो टाकला आणि खाली लिहिलं, 'विचार करण्यासारखं.' का टाकला? हा प्रश्न मी स्वतःला नंतर फार वेळा विचारलाय. त्या वेळी सिस्टरांच्या त्या नखऱ्यांवर मी थोडा चिडलेला होतो, हे एक. आणि चार माणसांत आपण काहीतरी वेगळं जाणतो असं दाखवायची हौस, हे दुसरं.

पुढच्या लसीकरणाला नेहमीच्या निम्म्याही बायका आल्या नाहीत. आलेल्यांत कुसुम होती. तिचा थोरला मुलगा माझ्याकडं दुसरीत, आणि कडेवर अकरा महिन्यांची सोनी. नवरा नारायणगावला टोमॅटोच्या गाळ्यावर कामाला, आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचा. सोनीचा गोवराचा पहिला डोस दोन महिने लांबला होता. कुसुम टेबलापर्यंत आली आणि तिनं पोरीला पदराआड घेतलं.

"बाई, लस दिली न्हाई तर चालंल का?"

"का गं?"

"सूनबाई म्हणती की नको म्हणून."

सिस्टरांना काही कळेना. कुसुमनं मोबाईल काढून दाखवला. सिस्टरांनी पूर्ण व्हिडिओ बघितला, एकदा नाही, दोनदा. मग विचारलं, "ह्ये तुला कुणी पाठवलं?"

कुसुम माझ्याकडं बघून म्हणाली, "गुरुजींनीच तर."

त्या वेळी सिस्टर मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी बायकांना जवळ बोलावलं. मला वाटलं आता त्या नटीला शिव्या देतील. पण त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "हिच्या मागं काय दिसतंय?"

"पडदं," एकजण म्हणाली.

"पडद्याच्या मागं काय आसंल?"

बायका मोबाईलवर वाकल्या.

"ह्या बाईच्या दारात गाडी उभी आसंल. लेकराला ताप आला तर दहा मिनिटांत डॉक्टर. तुमच्या दारात काय उभंय? खाली जायला जीप किती वाजता?"

"सकाळी एक, चारला एक."

"आन मंचरला पोचायला?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. कुसुम म्हणाली, "पर ती खोटं कशाला बोलंल?"

"खोटं बोलत नसंल बी. तिचं खरं तिच्यापुरतं." त्यांनी मोबाईल कुसुमच्या हातात परत दिला. "आन माझ्यावर तरी का इस्वास ठेवता? ऐका. तुमाला सांगते."

आणि त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर ऐकलेलं नव्हतं; सेविकेनंही नव्हतं.

त्या नोकरीला नव्यानं लागल्या होत्या, दुसऱ्या तालुक्यात. तेव्हा काचेच्या सिरिंजा असत, सुया स्टोव्हवर उकळून परत वापरायच्या. एके दिवशी घाई होती. त्यांना वाटलं पाणी पुरतं उकळलेलं नाही. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, उकळलंय, चल. ह्यांनी ऐकलं. एका पोराच्या मांडीला गळू झालं. ते कापावं लागलं. पोरगं वाचलं, पण पाय ओढतच चाललं. त्याचा बाप दांडकं घेऊन उपकेंद्रात आला होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

"ते पोरगं आज पस्तिशी पार झालं आसंल," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या मनात शंका आली व्हती. मी ती गिळली. तवापासून मी कुणावर इस्वास ठेवत न्हाई. सोताच्या हातावर बी न्हाई. आता सुई एकदा वापरली की मोडून टाकतात, तरी मी पाकीट तुमच्यासमोर फोडते. संशय घ्या. पर घ्यायचा तर पुरता घ्या. माझ्यावर घ्या, सरकारवर घ्या, त्या सूनबाईवर बी घ्या. निम्मा संशय लई वाईट. निम्म्या संशयात माणूस एकाला सोडतो आन दुसऱ्याच्या गळ्यात पडतो."

हे ऐकून सहाजणी टेबलाकडं आल्या. बाकीच्या उठून गेल्या. 'हिच्याच हातून पोर लंगडं झालं, तिनंच कबूल केलं,' असं दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चाललं होतं. उठून गेलेल्यांत कुसुम होती.

बायका पांगल्यावर सिस्टर माझ्या वर्गात आल्या. मुलं जेवायला बसली होती. त्यांनी दार लोटलं.

"गुरुजी, तुमाला मुलगी हाय ना?"

"आहे. चार वर्षांची."

"तिला गोवराचे दोन्ही डोस दिले?"

"दिलेत."

"कुठं?"

"मंचरला. वेळेवर."

मग म्हणाल्या, "मग तो व्हिडिओ कुणासाठी पाठवला?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली, खरोखर बघितली, आणि मग डबा उचलून गेल्या. मी त्याच संध्याकाळी गटातला व्हिडिओ पुसून टाकला. तोवर तो वरच्या पाड्यावरही पोचला होता.

पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी गोवर आला. नारायणगावकडच्या कुठल्याशा लग्नाहून आला असं म्हणतात. नक्की कुणी सांगू शकत नाही. आधी दोन मुलं, मग चार, मग शाळेतले निम्मे बाक रिकामे. वाडीत गोवर म्हणजे देवीचा फेरा. दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले, फोडणी बंद झाली, आणि आजारी पोराच्या खोलीत बाहेरच्याला मज्जाव.

वाडीतल्या आशा कार्यकर्तीचा निरोप मिळाला त्या सकाळी सिस्टर पायी वर आल्या, कारण जीप त्या दिवशी लग्नाच्या भाड्याला गेली होती. घरोघर जाऊन त्यांनी पोरं बघितली, अ जीवनसत्त्वाचे थेंब पाजले. ज्यांना दोन्ही डोस झाले होते त्यांच्यात एकालाच पुरळ होतं, तेही हलकं. कुसुमच्या घरी सासू दारात बसली होती.

"देवी आलीय बाई. सुई न्हाई चालायची."

"सुई आणलीच न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "देवी बसू द्या. मी नुसता पोरीचा श्वास मोजते."

मी त्यांच्याबरोबर होतो, आतल्या खोलीच्या दाराशी थांबलो. कुसुमनं सोनीला आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, सिस्टर ओरडतील ह्या भीतीनं. सोनीच्या अंगावर पुरळ, डोळे चिकटलेले, आणि डाव्या कानातून पाणी येत होतं. सिस्टरांनी घड्याळ कुसुमच्या हातात दिलं. "तू काट्यावर बघ. मी पोट बघते. मिनिट झालं की सांग." दोघींनी मोजलं. मग म्हणाल्या, "आता तू मोज, मी काटा बघते." पुन्हा मोजलं. आकडा सारखाच आला, नको तेवढा मोठा. सिस्टर बाहेर येऊन मला म्हणाल्या, "गाडी बघा. आत्ता."

मी दुधाच्या जीपवाल्याला फोन केला. तो कॅन घेऊन खाली निघालेलाच होता. अर्ध्या वाटेवरून परत आला. सासू शेवटपर्यंत बोलत होती की देवीच्या पोरीला घराबाहेर काढू नये. सिस्टर तिच्याशी भांडल्या नाहीत. तिच्याकडून लिंबाचा एक डहाळा मागून घेतला, जीपच्या पुढच्या काचेशी ठेवला, आणि म्हणाल्या, "देवी संगं येतीया."

जीपमध्ये दुधाच्या कॅनच्या मधे कुसुम सोनीला घेऊन बसली होती, तिच्या शेजारी सिस्टर, समोर मी. धरणाच्या वळणावर ती एकदा म्हणाली, "बाई, आता टोचली तर?"

"आता ती लस ह्या तापाला कामाची न्हाई. आता दवाखाना. तू पाजत राहा."

मग कुसुम माझ्याकडं न बघता म्हणाली, "गुरुजी, तुमी पाठवलं म्हंजी खरं आसंल आसं वाटलं." त्यात राग नव्हता. ती मला फक्त कारण सांगत होती. मी कॅनची कडी धरून बसलो होतो, ती तशीच धरून राहिलो.

मंचरला सोनी अकरा दिवस दवाखान्यात होती. छातीत कफ भरला होता. पहिले तीन दिवस डॉक्टर काही बोलायलाच तयार नव्हते. सिस्टर रोज ड्यूटी संपली की यायच्या आणि सलाईनच्या बाटलीवरचं नाव वाचायच्या. तिथल्या नर्सला राग आला. ती म्हणाली, "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" सिस्टर म्हणाल्या, "न्हाई. पर तुमचा माझ्यावर असू नये, मग हिशेब सरळ व्हतो." ती नर्स हसली. दुसऱ्या दिवसापासून तीच बाटली आधी सिस्टरांना दाखवायची.

सोनी वाचली. कान मात्र गेला. काही महिन्यांनी पुण्याहून तपासून आल्यावर नक्की झालं, की एका कानानं तिला आता ऐकू येणार नाही.

वाडीनं ह्यातून धडा घेतला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. काही जण म्हणाले, सिस्टरांनी लस दिली त्याच पोरांच्या अंगातून गोवर बाहेर पडला. काही म्हणाले, देवीला जीपमध्ये घातली म्हणून कान गेला. त्या नटीचा नवा व्हिडिओ आला, कुठल्याशा रसाबद्दल. तोही बायकांनी बघितला. सिस्टर हे सगळं ऐकून घेत. मी एकदा चिडून म्हणालो, "ह्या लोकांना काही सांगण्यात अर्थ नाही." त्यांनी मला थांबवलं. "का न्हाई? पोर त्यांचं हाय. पोर ज्याचं हाय त्यानं शंका घ्यायचीच."

दुसऱ्या वर्षी कुसुमला मुलगा झाला. नऊ महिन्यांचा झाला तेव्हा ती त्याला घेऊन आली. मी व्हरांड्यातच होतो. तिनं पोर मांडीवर घेतलं, पण दंड झाकून ठेवला.

"बाटली दाखवा," ती म्हणाली.

सिस्टरांनी दिली. कुसुमनं ती उजेडाकडं धरली, चौकोन बघितला, तारीख अक्षराला अक्षर लावून वाचली.

"कधी फोडली?"

"आत्ता. तुझ्याच लेकरापासून सुरुवात हाय."

"सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडा."

सिस्टरांनी पाकीट फोडलं. कुसुमनं फोडलेलं पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग सासूकडं दिलं. सासूला वाचता येत नव्हतं, तरी तिनंही बघितलं. मागं रांग खोळंबली होती. सेविका घाई करू लागली तेव्हा सिस्टरांनी तिला हातानंच गप्प केलं. त्या दिवशी त्यांचा चेहरा जसा होता तसा मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही बघितला नाही. कुसुमनं पोराच्या दंडावरचं फडकं बाजूला केलं आणि म्हणाली, "टोचा."

निवृत्तीचा समारंभ छोटाच झाला. साडी, नारळ, दोन भाषणं. वैद्यकीय अधिकारी म्हणाले की औटी सिस्टरांवर सगळ्यांचा फार विश्वास होता. त्या खाली बघून ओठ दाबून बसल्या होत्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं, अलीकडेच. नारायणगावात, जीपच्या स्टँडवर. टोमॅटोचा हंगाम जोरात होता, रस्ता क्रेटच्या गाड्यांनी भरलेला. जीपमध्ये मागच्या बाजूला, कडेला त्या बसल्या होत्या, हातात कोथिंबिरीच्या दोन जुड्या. थकलेल्या दिसल्या. मी खिडकीशी गेलो. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

वाडीची चौकशी झाली. मी सांगितलं, सोनी आता माझ्याच वर्गात आहे, पहिलीत.

"कशी हाय?"

"हुशार आहे," मी म्हणालो. आणि जरा अभिमानानंच पुढं म्हणालो, "फार लक्ष देते. सगळ्या वर्गात तिच्याइतकं कुणी नाही. मी शिकवत असतो तेव्हा सारखी माझ्या तोंडाकडं बघत असते."

सिस्टरांनी कोथिंबीर मांडीवर ठेवली.

"तोंडाकडं का बघती?"

"म्हणजे... लक्ष देते."

"कुठं बसवता तिला?"

"पहिल्याच रांगेत. मुद्दाम. खिडकीशी."

"खिडकी तिच्या कुठल्या हाताला?"

मला वर्ग डोळ्यांसमोर आणावा लागला. मी तिच्या जागी बसून बघितलं, मनातल्या मनात. "उजव्या."

"आन तिचा गेलेला कान?"

जीपवाल्यानं गाडी सुरू केली होती, आणखी दोन माणसं आत कोंबत होता.

"डावा," सिस्टर म्हणाल्या. "चांगला कान खिडकीला लावलाय तुमी, आन गेलेला वर्गाला. ती पोर तुमचं ऐकत न्हाई गुरुजी. ओठ वाचती."

त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं. गाडी हलली. त्यांनी अंग आवरून घेतलं, शेजारच्या माणसाला जागा करून दिली, आणि जुन्नरच्या रस्त्याला लागेपर्यंत मागं वळून माझ्याकडं बघत राहिल्या, मला कळलंय की नाही हे तपासत असल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी मी सोनीचं दप्तर उचलून रांगेच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी नेलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. मी धडा वाचायला घेतला, नेहमीच्याच आवाजात. अर्ध्या पानावर आलो तेव्हा मी वर बघितलं. सोनी माझ्याकडं बघत नव्हती. ती पुस्तकात बोट ठेवून, माझ्याबरोबर ओळीवरून पुढं चालली होती.